कापश्याचा लंगोट

कार्तिक व. २, सोम.
सुंदरी सासरी गेली, तिचा ससा कापश्या मह्या गळ्यात. नागपूरले बदली झाली तवा मास्तरीणबाईनं तिले देला होता. सासरी जातानी सुंदरी म्हणे, "आई, कापश्याचं रोज लिहून ठेव, आली का वाचीन." दोन बुकं शिकलेली मी. लिहीन तसं वाच.
बसते तेथं वलं. मुतते नाई, गळते. सकायपासून तीनदा फडकं फिरवलं.

व. ४, बुध.
पिंपळगाव राजाहून सुंदरीची चिठ्ठी. सासू म्हणते ससा आण, पण कोरडा झाल्यावर. बरोबर बोलली बाई. मीबी नसता घेतला.
पाणी बंद केलं. आत गेलंच नाई तं गळीन काय.

व. ५, गुरु.
बिघडलं. मूत पांढरं, घट्ट. मालकाचा पाय घसरला. "काव, चुना सांडला काय?" म्हटलं चुना नाई, तुमच्या लेकीचं लेकरू हाय.
कापश्या डोळे मिटून बसला होता. पाण्याची वाटी ठेवली तं मान टाकून प्याला. मलेच दोन हाणावं वाटलं.

व. ९, सोम.
जुन्या धोतराचा लंगोट शिवला. आत घरचा कापूस, शेपटीले भोक. मांड्या लालबुंद, केस गेले. कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं, खोबरेल लावलं. पहिले लाथा मारे. आता मांडीवर घेतलं का पसरते, बेशरम.
शेजारची गिरजा म्हणे, "सुंदरी लहान होती तवा येवढं नाई केलं तुनं."
सुंदरी रडून सांगे. हा मुका.

व. १३, शुक्र.
चिखलीले ढोराच्या दवाखान्यात. बैलाच्या रांगेत टोपलं घेऊन मी. एक बुढा म्हणे, "बाई, दाखवाले आणला का शिजवाले?" म्हटलं तुमचा बैल कायले आणला?
डाक्तरनं पोट दाबलं. पांढरं निघालं. "चुना कुठून खातो हा?"
"चुना कोण देईन? दिवाळीले मी सोता सफेदी केली, घरातला साफ कोपरा याले देला..." बोलता बोलता ती सफेदीच ध्यानात आली.
घरी येऊन पाह्यलं. वीतभर उंचीवर भीत चाटून माती उघडी. अख्खी दिवाळी खाल्ली लेकानं. अन् मी पाणी तोडलं होतं.

मार्ग. शु. १, सोम.
भीत शेणामातीनं सारवली. डाक्तर बोलला तसं. पाणी भरपूर, लसूणघास बंद, वाळलं गवत. गवताकडं पाठ करून बसला. मीबी बसली. दोपारपर्यंत. शेवटी एक काडी ओढली त्यानं.

शु. ६, शनि.
लंगोट अर्धा कोरडा. सुंदरीची दुसरी चिठ्ठी. "कोरडा झाला का कळव, हे बैलाची दमणी जुपून येतीन." करमत नाई असं लिहिलं नाई तिनं. पण येवढ्याशा कागदावर चारदा कापश्या.

शु. ८, सोम.
आज लंगोट ठणठणीत कोरडा. दोनदा हात लावून पाह्यला. तरी धुतला, दोरीवर टाकला.
मालक म्हणे, "आज बी वला?"
"हाव."
आतला कापूस कोनाड्यात ठेवला होता. त्याहीनं उचलला, बोटात चोळला, जाग्यावर ठेवला. मंग दौत अन् कागद मह्यापुढं आणून ठेवला, वावरात गेले.
कापश्या येऊन मांडीवर पसरला. आज धुवाचं काई नव्हतं, तरी.
चिठ्ठी अजून लिहिली नाई. पण हे पान सुंदरी वाचीन.