पिनची चिठ्ठी

मलकापूर, १४ डिसेंबर, संध्याकाळ

वरवट बकालची ती कॉलेजची मुलगी आज पुन्हा दुकानात आली. पंधरा दिवसांपूर्वी मीच तिला तो अख्ख्या एबीसीडीच्या बटनांचा महागडा फोन विकला. आहे खरा साहेब लोकांच्या ऑफिसच्या कामाचा. पण कंपनीनं पोस्टरवरचा टायवाला काढून कॉलेजची पोरं लावली, आणि मीही तसंच बोलू लागलो. "पिन, म्हंजे या फोनचा खास नंबर, द्यायचा अन् दोस्तांशी फुकट गप्पा मारायच्या." गप्पा फक्त तसाच फोन असलेल्यांशी होतात, हे सांगितलं नाही. काऊन नाही सांगितलं?

तिच्या वडिलांनी तेव्हा खोकं उलटसुलट करून पाहिलं होतं. "बीटी बियान्याच्या पाकिटावरबी लय लिहेल असते, भाऊ. तुमी सांगा." मी म्हटलं, "मी सांगतो ना."

आज तिनं पिन लिहिलेली चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "वर्गात साऱ्यायले देल्ला, दादा. असा फोन कोनापाशीच नाही. तुमचा पिन द्या, यादीत एक तरी नाव दिसीन."

"उद्या देतो," म्हणालो. खिशात माझा साधा, टॉर्चवाला फोन होता.

चिठ्ठी माझ्यापाशीच ठेवून गेली.