कोमट तार

प्रिय दादा,

पाच वर्षांत हे माझं पहिलंच पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडलं नसशील, तर वाच. आई गेल्यापासून मी एकटीपुरता स्वयंपाक करते आणि तोही उरतो. शेजारच्या काकू विचारायच्या, "भाऊ येत नाही का गं?" मी म्हणायचे, "कामात असतो." आता त्याही विचारत नाहीत. आईच्या वेळी तू आलास आणि दारातूनच परतलास, ते त्यांनी पाहिलं होतं.

कारखान्यात मी अजून तपासणीच्याच टेबलावर आहे. तू ओढलेली तांब्याची तार माझ्याकडे आली की सगळे चिडवायचे, "भावाचा माल, बहीण पास करणारच!" म्हणून तुझी तार मी जरा जास्तच कडक तपासायचे. तुझ्या त्या शेवटच्या मालात विजेला होणारा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, जास्त भरला. तुकडा बरोब्बर मीटरभर, जाडीही चोख. मग दोष तांब्याचाच, असं साहेबांनी ठरवलं. चांगलं तांबं बाहेर विकून तू भेसळीचं ओढलंस म्हणाले. तू भांडलासुद्धा नाहीस. एवढंच बोललास, "छोटीनं मोजलंय म्हणजे आकडा बरोबर असणार. पण तांबं मी बदललेलं नाही." आणि त्याच आठवड्यात गाव सोडलंस.

गेल्या महिन्यात भट्टीतून नुकतीच निघालेली तार मी मीटरला लावली. आकडा जास्त. तशीच लावून ठेवली, चहा पिऊन आले आणि पाहते तर आकडा खाली उतरलेला. तार तीच, लांबी-जाडी तीच, तांबं तेच. फक्त निवली होती. जरा गरम असेल तर काय बिघडतं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. चांगला दहा टक्के फरक पडतो, दादा.

आता जे आईलाही सांगितलं नाही, ते सांगते. त्या दिवशी मैत्रिणी सिनेमासाठी फाटकापाशी थांबल्या होत्या. तुझी तार माझ्या बोटांना कोमट लागली होती, तरी निवायची वाट न पाहता मी ती घाईत मोजली. साहेबांनी तुझ्यासमोर विचारलं, "तार थंड होती ना?" आणि मी "हो" म्हटलं. आज सकाळी हे सगळं लिहून, सही करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. नोकरी राहील की जाईल, उद्या कळेल. त्या कागदाची नक्कल सोबत जोडली आहे. माफ कर असं म्हणायला तोंड नाही. पण तुझ्यावर चोर म्हणून बोट दाखवणारा कुणी भेटला, तर हा कागद त्याच्यापुढे धर.

तुझीच,
छोटी