दोन प्रमोदिनी आणि एक सलोनी

ती. वन्सं यांना डेल्फ्टहून तुमच्या भावजयीचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? (दुखतच असतील. रीत म्हणून विचारलं.) इथे मी, सलोनी आणि तिची सायकल खुशाल आहोत.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते. मी चौथी पास, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका. सलोनीचं कॉलेज संपलं, बेस्ट नावाच्या गावात नोकरीही मिळाली. आता इथे राहायचा कागद हवा. (शेजारची सुचेता त्याला ग्रीन कार्डच म्हणते. मी बघितलं, हिरवं काहीच नाही.) त्यासाठी जन्माचा दाखला लागतो. तो मी साताऱ्याहून भाषांतर करून, शिक्के मारून आणला. आता बाळंतपण माझ्या माहेरी, दवाखान्यात नाव सांगायला आमचे अण्णा. त्यांनी आईचं नाव सांगितलं प्रमोदिनी. लेकीचं नाव बदललंय हे त्यांना ठाऊक होतं, पण मान्य नव्हतं. आणि बदललं कोणी? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'शोभा' लिहिलं, कारण घरात मी एक प्रमोदिनी आहे, दुसरी कशाला, असं तुम्ही म्हणालात. (आठवतंय? मला आठवतंय.)

तर दाखल्यावर प्रमोदिनी, माझ्या पासपोर्टावर शोभा. इथल्या नगरपालिकेतल्या खिडकीवरची बाई गोड होती. इथे सगळे गोडच बोलतात आणि गोड बोलूनच नाही म्हणतात. मी बेसनाचे लाडू पुढे केले, तिने झाकण लावून डबा परत दिला. मग मी शहाणीने, जास्तीचा कागद असलेला बरा म्हणून, आपलं जुनं रेशनकार्ड काढलं. त्याचंही भाषांतर होतं, पण भाषांतर करणाऱ्या मेल्याने नात्याचा रकाना गाळलेला. वर तुमचे बंधू, खाली प्रमोदिनी, त्याखाली शोभा. (तुमचं लग्न झाल्यावरही साखरेपायी तुमचं नाव कमी केलं नव्हतं. खा आता साखर.) बाईने बोट ठेवलं, हसली आणि सलोनीला म्हणाली, आई सापडली. म्हणजे तुम्ही! सलोनीने विचारलं, मग ही कोण? बाईने माझ्याकडे, मग लाडवांकडे बघितलं आणि म्हणाली, घरात मदतीला असतील.

मी जे बोलले त्याचं सलोनीने भाषांतर केलं नाही. बाहेर येऊन रडली मात्र. वीस तारखेच्या आत आई कोण ते ठरलं नाही, तर नोकरी सोडून परत यावं लागेल.

भाचेमंडळींना आशीर्वाद. पथ्य पाळा.

तुमची,
शोभा (सध्या)

ता. क. तुमच्या लेकाला, शिरीषला, घेऊन उद्याच्या उद्या तहसील कचेरीत जा आणि प्रतिज्ञापत्र करा: सलोनी माझी मुलगी नाही, भाची आहे, तिची आई शोभा हीच माहेरची प्रमोदिनी. गुडघ्यांची सबब सांगू नका. भिशीला जाता तेव्हा कुठे असतात गुडघे?

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना सलोनीने आठवण करून दिली की तुमच्या आधारकार्डावर वृंदा आहे. तुमच्या सासरच्यांनीही तांदूळ वाया घालवले होते, हे मी विसरलेच. म्हणजे तुम्ही पूर्वी प्रमोदिनी होतात, हे आधी कोणीतरी लिहून द्यायला हवं. मी देते. नाहीतरी तीस वर्षं ते नाव रेशनकार्डाशिवाय कोणीच वापरलेलं नाही. तुमची सही झाली की ते नाव मी घेतलं. परत मागू नका.