जयसिंगचा उजवा खांदा

अंबाला, ४ डिसेंबर १९६८

तीर्थरूप दादांना शरयूचा वाकून नमस्कार.

जयसिंग खुशाल आहे, जेवतोही पोटभर. पॅराशूटने उतरताना दुखावलेला खांदा सुधारतोय. काळजी नको.

परवा इथल्या विमानदलाच्या डॉक्टरसाहेबांनी त्याला टेनिसला बोलावलं. कोल्हापुरात शेणाने सारवलेल्या कोर्टवर तुम्ही शिकवलंत, तसाच एकेका चेंडूमागे धावला आणि सेट जिंकला. मी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर मात्र म्हणाले, "सर्व्हिस सगळी खालूनच केलीस. हात वर जात नाही ना? दोन महिने देतो. वरून सर्व्हिस करून दाखव, त्याच दिवशी विमान चालवायच्या कागदावर सही करतो."

घरी येताना हसत म्हणाला, "आई, जिंकायच्या नादात सापडलो की गं!"

दोन महिने मी इथंच राहीन म्हणते. वहिनींचा गुडघा कसा आहे? जयसिंगला चार ओळी लिहा, पण उडणं सोड असं लिहू नका. रोज देवापुढे मी तेच मागत होते. आज सकाळी मात्र तो उजव्या हाताने केस विंचरायला लागला. हात कानापर्यंत पोचला, आणि कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर कवायत घेत तशी मी मागे उभी राहून म्हणाले, "अजून वर, जयसिंग. अजून थोडा वर."

तुमची धाकटी,
शरयू