सुनेची खोली

२ डिसेंबर, मंगळवार

पेंटर आला आणि गेला. ब्रशसुद्धा न काढता!

बाळासो पेंटर नाव. दारातूनच आत डोकावला आणि म्हणाला, "पावणं, ही खोली हाय का फर्निचरचं दुकान? पयलं रिकामी करा. खिळं काडा, भिताडं झाडून घ्या, मग हाक मारा. आमी रंग लावतो, कपाटं हलवत न्हाय."

बरोबरच आहे त्याचं. वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. डबल बेड, तीन दारांचं कपाट, आरशाचं टेबल, दोन खुर्च्या. आठ वर्षांपूर्वी खोली बांधली तेव्हा सगळं एकदमच घेतलं. आणि सगळं अजून प्लॅस्टिकमध्ये! गादीवरचं प्लॅस्टिक तर कंपनीनं घातलं तसंच आहे. फक्त पिवळं पडलंय.

त्या बेडवर आजपर्यंत कोणी झोपलेलं नाही. मी खाली सोप्यात, पुढच्या दाराजवळ लोखंडी कॉटवर. आण्णा त्यांच्या जुन्या पलंगावर. आई स्वयंपाकघरात सतरंजी टाकते, गुडघे दुखतात म्हणून रोज ओरडते आणि रोज तिथंच झोपते. वर कोणी झोपायचं नाही. का, तर सून आल्याशिवाय मोडायचं नाही!

पुढच्या रविवारी, चौदा तारखेला, पाहुणे घर बघायला येणार आहेत. म्हणून हा सगळा घाट.

३ डिसेंबर

पाहुणे म्हणजे मुलीकडचे. माझी धाकटी बहीण दीपा हातकणंगल्याला दिलीय, तिनं आणलेलं स्थळ. मुलगी प्रीती, तेहेतीस वर्षांची, शाळेच्या ऑफिसात काम करते. मी अडतीस.

पूर्वी म्हणे मुलगी बघायला जायचे. आता ते येतात, घर बघतात, खोली बघतात आणि शेवटी सवड झाली तर मला बघतात. "मुलगा काय करतो?" "मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे." "म्हणजे नोकरी नाही." झालं, संपलं. आमच्या जैन समाजात माझ्यासारखे प्रत्येक गावात पाच-पंचवीस आहेत. मंदिराच्या पायरीवर एकमेकांची तोंडं बघत बसतात.

खोली दाखवायचं काम आईचं. कमरेची किल्ली काढते, कुलूप उघडते आणि म्हणते, "ही सुनंची खोली!" मग मुलीचा बाप बाथरूमचा नळ सोडून बघतो, कपाटावर टिचकी मारतो, आरशावरचं प्लॅस्टिक सारून केस विंचरतो. पोहे खातो. कळवतो म्हणतो. त्या आरशात आजवर फक्त लोकांच्या बापांनी भांग पाडलेत!

आज आईशी भांडलो. शेजारच्या धोंडुबाईंना कौतुकानं सांगत होती, "सुनंची खोली रंगवायला काढलीया." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सून कुठं हाय आई? आठ वर्षं झाली ऐकतोय. सुनंची खोली, सुनंची खोली! एकदा तरी जिनूची खोली म्हण की!"

"तुजी कशी? तू सोप्यात झोपतोस की," ती म्हणाली. अगदी शांतपणे.

धोंडुबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी न जेवता दुकानात गेलो.

५ डिसेंबर

खुर्च्या आणि आरशाचं टेबल एकट्यानं खाली आणलं. भिंतीवरचे खिळे काढले. एकाही खिळ्याला कधी काही टांगलं नव्हतं. मग ठोकले कशाला होते?

कपाट एकट्याला हलणार नाही. शेजारच्या दुकानातला प्रसेनजीत येतो म्हणालाय, पण सहा तारखेसाठी सगळे दादरला गेलेत. परत आल्यावर.

रंग कुठला लावायचा ते ठरलेलं नाही. आधी आईनं पिस्ता सांगितला होता. मग मुरगूडचं एक स्थळ आलं, त्या मुलीला गुलाबी आवडतो असं कुणीतरी म्हणालं, तर आईनं खोली गुलाबी करून टाकली. ती मुलगी आता नाशिकला आहे. गुलाबी इथंच आहे!

६ डिसेंबर

आज एक गोष्ट झाली. लिहू का नको? लिहितो.

दुपारी दुकानात मोटर खोलून बसलो होतो, हात काळे. फोन वाजला, अनोळखी नंबर. वाटलं गिऱ्हाईक.

"मी प्रीती. हातकणंगल्याहून."

मी उभाच राहिलो. दुकानात कोणी नव्हतं तरी!

"दीपाताईंकडून नंबर घेतला. घरात माहीत नाही. एकच विचारायचं होतं. खोली वेगळी आहे म्हणाले. खिडकी आहे का तिला?"

आजवर लोकांनी काय काय विचारलं. जमीन किती, वाटणी झाली का, दुकान भाड्याचं का. खिडकीचं कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "आहे. पूर्वेला. ऊस दिसतो. ऊस तुटला की हायवे दिसतो."

ती हसली. खरंच हसली. म्हणाली, "आमच्याकडं आम्ही चौघी एका खोलीत. खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीवर उघडते. रंग कुठला आहे?"

"गुलाबी."

"अगं बाई! मी काय सहावीत आहे?" मग जरा थांबून म्हणाली, "फिकट काहीतरी द्या. सकाळी ऊन आलं की उजेड पडेल असा."

संध्याकाळी लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन रंगाचं कार्ड आणलं. एका फिकट रंगाशी कोपरा दुमडून ठेवलाय. येताना शिट्टी वाजवत होतो, ते धोंडुबाईंनी वळून बघितल्यावर कळलं. आशा लावून घ्यायची नाही असं दर वेळी ठरवतो. आणि लागतेच!

८ डिसेंबर, सोमवार

सगळं संपलंय. आतून.

प्रसेनजीत सकाळीच आला. दोघांनी कपाटाला हात घातला, "एक, दोन, हां!" म्हटलं आणि कपाट पुढं आलं. त्याची पाठ भिंतीलाच राहिली!

वाळवी. मागची अख्खी फळी मातीच्या रेघांनी भरलेली. दारं वरून चकचकीत, बोट दाबलं की आत जातं. बेडच्या पेट्या तशाच. गादी उचलली तर खालची बाजू काळी, बुरशीनं. आठ पावसाळे प्लॅस्टिकखाली ओल धरून बसलेली.

"ल्येका, कोन झोपलं असतं तर कवाच कळलं असतं की," प्रसेनजीत म्हणाला. मग त्यालाच कसंतरी झालं. त्याला दोन पोरं आहेत, घरात एक धड खुर्ची उरलेली नाही. म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मी चा सांगतो." चहा कोण पितोय!

आई वर आली. बघितलं. खाली बसली. मला वाटलं आता रडणार. तर पहिलं वाक्य काय? "मारू नगा रं त्यास्नी."

आण्णा मोटर बंद करून शेतातून आले होते, ते भडकलेच. "औषध मारून मोकळं व्हा. उसाला हुमणी लागल्यावर मी काय तिला ओवाळतो व्हय?"

"शेतातलं शेतात. सुनंच्या खोलीत हत्या न्हाय हुयाची," आई म्हणाली. विषय बंद.

आठ वर्षं तो बेड कोणासाठी तरी राखून ठेवला. कोणीतरी नांदलं म्हणायचं!

९ डिसेंबर

दिवसभर फळ्या वाहिल्या. एकेक सुटी करायची, अलगद खाली आणायची आणि मागच्या बांधावर, बाभळीखाली नेऊन ठेवायची. वाळवीसकट. आई प्रत्येक खेपेला बरोबर. फळीखाली सूप धरून चालायची, वाटेत कोणी सांडू नये म्हणून. पायऱ्यांवर तिचे गुडघे वाजत होते. मी म्हटलं, "तू बस की." बसली नाही. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता, त्यावरची पोरं थांबून बघायला लागली. बघा, फुकट तमाशा!

सकाळी तिचा राग येत होता. दुपारनंतर आला नाही. शेवटची फळी ठेवल्यावर तिनं बांधावर हात जोडले. कोणाला, ते विचारलं नाही.

१० डिसेंबर

खोली रिकामी झाली. आईनं फरशी धुतली, मी भिंती झाडल्या. बोललं की आवाज घुमतो. एवढी मोठी आहे हे माहीतच नव्हतं.

आता रविवारी दाखवायचं काय? आण्णांची युक्ती, "मंडपवाल्याकडनं येका दिसाला बेड आणू की! पावण्यास्नी काय म्हाईत?" आईला ते पटलं! दोघांनी मिळून चादरीचा रंगसुद्धा ठरवला. मी हसलो. खूप दिवसांनी घरात तिघं एकदम हसलो.

संध्याकाळी दीपाचा फोन. मी मागच्या अंगणात जाऊन घेतला.

"दादा, नको म्हणाले रे ते." रडत होती. "पुण्याचं आलंय त्यांना, कंपनीतलं. रविवारी तिकडं चाललेत." मग म्हणाली, "आईला सांगू नकोस. मी शनिवारी येते, मी सांगते."

पाठोपाठ मेसेज, त्या नंबरावरून. "घरच्यांनी ठरवलं. तुमचं चांगलं होऊ दे."

हे एक वाक्य सगळ्यांना कुठं शिकवतात कोण जाणे! मी चार वेळा उत्तर लिहिलं, चार वेळा पुसलं. तिचा राग नाही. पुण्याच्या खोलीला खिडकी असू दे, एवढंच वाटलं. नाही, खोटं कशाला? राग आला. खूप आला.

११ डिसेंबर

सांगितलं नाही.

आई सकाळपासून शेवेचे लाडू वळतेय. "पावणी किती येणार रं?" म्हणाली. "पाच-सहा," मी म्हटलं. इतकं सहज खोटं बोललो!

"दिवस मावळायच्या आत जेवणं उरकाय पायजेत त्यांची. लवकर या म्हणावं." मग लाडू वळता वळताच, "दीपाचा फोन आलता काय?"

"व्हय."

"काय म्हणती?"

"बरी हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग परत लाडवांकडं.

बाळासोला फोन करून नको म्हणणार होतो. नाही केला. उद्या सकाळी येतोय. रंग कशाला, कोणासाठी, मलाच माहीत नाही. पण रंग थांबवला तर आई विचारेल.

मला कोणी नाही म्हटलं की मी दुकानात जाऊन दोन मोटरींचं वाइंडिंग जास्त भरतो. आई काय करेल? दर आठवड्याला वर जाऊन त्या गादीचं प्लॅस्टिक ओल्या फडक्यानं पुसायची. आता प्लॅस्टिकही नाही.

खरं लिहायचं तर माझी आशा कधीच गेली. आईला अजून आहे, त्यावर मी दिवस काढतोय. तिच्यावर चिडतो, ओरडतो, पण ती "सुनंची खोली" म्हणते तेव्हा कुठंतरी वाटतं, हिला काहीतरी माहीत असेल. ते मोडायचं नाही. निदान शनिवारपर्यंत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बाळासो डबे आणि शिडी घेऊन आला. रिकामी खोली बघून खूश. "हां, आता कसं! बोला, रंग कंचा?"

मी आईकडं बघितलं. दर वेळी तीच सांगते. ती दारात उभी होती. कमरेची किल्ली काढली आणि खिडकीत ठेवली.

"मला काय इचारता? ह्येला इचारा. जिनूची खोली हाय."

आणि खाली निघून गेली.

दीपानं आईला सांगितलेलं नाही. आत्ताच फोन करून विचारलं. मी तर नाहीच. तरी तिला कळलं.

बाळासो ब्रश घेऊन उभा. रंगाचं कार्ड माझ्या खिशात होतं. मला एकही रंग सांगता येईना.