साखरपुड्याची साखर

आई, तुला अक्षरओळख नव्हती. तू होतीस तेव्हा माझी पत्रं दुसरंच कुणी तरी वाचून दाखवायचं, म्हणून मी त्यात खुशालीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. आता मधे वाचणारं कुणी नाही, तेव्हा लिहिते. वराळ्याच्या घरात चुलीपुढे बसल्या बसल्या तुझी मान लवायची, तेव्हा तू जेवढी होतीस तेवढी मी आता झाले आहे. तव्यावरची भाकरी करपायची आणि त्या वासानं तू दचकून जागी व्हायचीस. आम्हा पोरांना गंमत वाटायची. थोरलीला बघायला पाहुणे आले होते तो दिवस आठवतो? तू पाणी द्यायला उठलीस ती भिंतीला धरून, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आमची आई सारखी झोपती." आत नेऊन तू असा चिमटा काढलास की माझा दंड दोन दिवस काळानिळा होता. "गप बस की! आईला दुखणं हाय म्हणून कळलं तर पोरीला कोन करून घेईल?" लगेच डोळे पुसलेस माझे, आणि हातावर गुळाचा खडा ठेवलास. तुझं रागावणं शेवटी गोडावरच यायचं.

तेव्हा काही कळलं नाही. गेल्या वर्षापासून कळायला लागलं. लोणावळ्याला बिऱ्हाड केल्यापासून मी कधी आजारी म्हणून पडले नाही, पण आता सकाळी उठते ती दमलेलीच. तुझे जावई रेल्वेत, त्यांच्या पाळ्यांप्रमाणे माझी चूल पेटते. डबा भरून दिला की भांड्यांच्या ढिगाऱ्याशेजारीच डोळा लागतो. धुण्याची बादली उचलली की पाय थरथरतात. शेवटी तळेगावच्या वैद्यांना दाखवलं. ते म्हणाले, मधुमेह म्हणत नाही अजून, पण वाट तिकडचीच आहे. साखर, गूळ, भात, पोहे, बटाटा सगळं बंद. एक भाकरी, पालेभाजी, ताक, उसळ, चालत असेल तर अंडं. मावळातल्या बाईला भात बंद! आपल्याकडे भात खाल्ला नाही तर जेवण झालं असं कुणी म्हणतच नाही. आंबेमोहराचं भांडं उघडलं की मी आपली परसात जाऊन उभी राहते.

आणि भुकेपेक्षा सांगण्यानं जीव जातो बघ. ज्याच्या घरी जावं तिथे चहा, आणि बिनसाखरेचा मागितला की माणसं अशी बघतात की यांच्या घरी कुणी गेलं की काय. एकादशीला सगळ्या आळीत साबुदाणा, रताळी, वऱ्याचे तांदूळ. खरा उपास काय तो एकट्या माझ्या घरात. लढाईमुळे साखर रेशनवर आहे, त्यामुळे शेजारणींना मात्र माझं पथ्य फार आवडलं. कार्डावरची साखर घरात आल्याबरोबर त्या प्रेमानं चौकशीला येतात. पण आई, खोटं कशाला सांगू, गुण आला. महिना-दीड महिन्यात दुपारची झोप गेली. एकदा भुशीच्या चढानं सरपणाचा भारा घेऊन मी न थांबता वर आले, आणि वर आल्यावर तू आठवलीस. तुला कुणी हे सांगितलंच नाही. तुला आम्ही आळशी म्हणालो.

मग परवा लेकीची सुपारी फुटली. मुलगा चांगला आहे, शेत आहे, शिकलेला आहे, आणि मुख्य म्हणजे लेकीला मनापासून आवडला आहे. हे ठिकाण मोडलं असतं तर ती उभी कोसळली असती. मुलाच्या आजीनं लेकीच्या ओटीत साखरेचा पुडा घातला, मग तो फोडून प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवत ती माझ्यापर्यंत आली. मी हात पुढे केला आणि सवयीनं मूठ मिटून पदराखाली घेतली. तेवढं त्या म्हातारीनं पाहिलं.

"का वो विहीनबाई, तोंडात न्हाई टाकली? चार घरच्या कारडावरची गोळा केलीया. सोयरीक मनात न्हाई व्हय?"

तुझे जावई जमिनीकडे बघायला लागले. वैद्यांनी बंद केली आहे, एवढं सांगायला काय लागतं? पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, दुखणं कसलं, आणि त्याच्या पुढचा, पोरीला पण होणार का. लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "तसं नाही हो आजीबाई, आधी देवाला दाखवावी म्हटलं." आणि पदराखालून मूठ काढून सगळी साखर तोंडात टाकली. चिमूटभर नव्हती, म्हातारीचा हात मोठा होता. ती हसली, बायका हसल्या, हळदीकुंकू पुढे सरकलं.

माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी थांबेना. बायकांनी मला जवळ घेतलं, लेकीनं गळ्यात हात टाकले, म्हातारी म्हणाली, "आईचं काळीज हाय बाय." मीही मान हलवली. लेक आता सासरी जायची म्हणून मी रडते, असं घरात सगळे अजून म्हणतात, आणि मी कुणाला काही सांगितलेलं नाही. हे पत्रही घरात ठेवणार नाही, लेकीला वाचता येतं. फक्त तुला सांगते. त्या घटकेला लेक माझ्या मनात नव्हती गं. साखर किती गोड असते ते मी विसरून गेले होते, म्हणून रडले.