जहाजातली जागा

नोव्हा स्कोशिया, कॅनडा
ऑक्टोबर १९४०

ॲम्ब्रोज भाऊजी,

तुमच्या लंडनच्या अन्नखात्याचं पत्र आलं. युद्धामुळे जहाजात सफरचंदांना जागा नाही म्हणे. अहो, ही आंबटढोण फळं तुम्हा विलायतवाल्यांच्याच आवडीची. इथे कुणी तोंडात धरत नाही. मी गोड झाडं लावा म्हटलं, तर तुमचे भाऊ खेकसले, "साम्राज्य आपल्याला टाकेल होय?"

काल आमच्या बागेतली ती झाडं तोडायला माणसं आली. हे अजून चांगली फळं निवडून तुमच्यासाठी पिंपात भरताहेत. आम्ही खातो डागी.

तुमच्या पुतण्याला, आमच्या लॉर्नला मात्र तुमच्यासाठी लढायला जहाजात लगेच जागा मिळाली.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. रजेत तो तुमच्याच दारी येईल. त्याला जेवायला वाढताना तुमच्या मनात राग नको.

तुमची वहिनी,
एल्स्पेथ